दहा साक्षीदार की एकच? एका आयरिश धुनेचा माग

माझा विषय जीवशास्त्र. जनुकांचे क्रम शेजारी मांडायचे आणि कोण कोणाच्या जवळचं ते ठरवायचं, हे रोजचं काम. ते करताना कानात बहुतेक वेळा आयरिश फिडल चालू असतं. त्यातल्याच एका धुनेबद्दल आज लिहितेय, कारण तिच्या मागे लागल्यावर मला माझीच एक जुनी चूक नीट समजली.

धून आहे 'बॉनी केट'. ही एक रील, म्हणजे जलद नाचाची धून. आठ-आठ बारचे दोन भाग असतात आणि नाच संपेपर्यंत तेच फिरवून वाजवतात. चाहत्यांकडून तिच्याबद्दल एक सरळ गोष्ट ऐकायला मिळते: मूळ धून ओनीलच्या पुस्तकात आहे आणि मायकल कोलमनने ती रेकॉर्डवर सजवून वाजवली. ऐकायला पटतं. पण या वाक्यातला 'मूळ' हा शब्द मला खटकतो.

आधी रेकॉर्ड पाहू. कोलमन 1891 मध्ये स्लायगो परगण्यात जन्मला, 1914 मध्ये अमेरिकेला गेला आणि 1945 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. 'बॉनी केट' आणि तिला जोडून 'जेनीज चिकन्स' ही त्याची रेकॉर्ड 1934 ची. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. दोन धुना, त्यांच्या आवृत्त्या, सगळं तेवढ्यात बसवायचं. प्रत्येक फेरीत तो काहीतरी बदलतो. म्हणजे ही रेकॉर्ड त्या दिवशीचं एक वादन आहे. 'कोलमन ही धून अशीच वाजवायचा' हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आता पुस्तक. फ्रान्सिस ओनील मूळचा कॉर्क परगण्यातला. 1901 ते 1905 तो शिकागो पोलिसांचा प्रमुख होता. 1903 मध्ये त्याने 1850 धुनांचा संग्रह काढला आणि 1907 मध्ये 1001 नृत्यधुनांचा. दुसऱ्याला वादक आजही नुसतं 'द बुक' म्हणतात. पण गंमत बघा, फ्रान्सिसला स्वतःला नोटेशन लिहिता येत नव्हतं. तो धून लक्षात ठेवायचा, वाजवून किंवा गुणगुणून दाखवायचा आणि जेम्स ओनील हा दुसरा वादक ती कागदावर उतरवायचा. वादक, फ्रान्सिसची आठवण, जेम्सची लेखणी आणि मग छापखाना, इतक्या गाळण्यांतून धून आपल्यापर्यंत येते. छापताना बहुतेक धुनांचं एकच रूप निवडलं गेलं. म्हणून पुस्तकातली धून साधी दिसते. तो साधेपणा जुनेपणाचा पुरावा मानता येत नाही, तो लिहिण्याच्या पद्धतीतूनही आलेला असू शकतो. ओनीलचं काम प्रचंड आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप त्याच्या पानाला उगमस्थान समजण्यावर आहे.

कारण आणखी मागे गेलं की धून आयर्लंडच्या बाहेर निघते. 'बॉनी केट' ही 'द बॉनी लास ऑफ फिशररो' या 18 व्या शतकातल्या स्कॉटिश रीलची नातेवाईक आहे. ती रील डॅनियल डाऊच्या नावावर आहे आणि फिशररो हे एडिनबराजवळचं बंदर. नावातली 'बॉनी' टिकली, गाव मात्र गळालं. कोलमनने जोडलेली 'जेनीज चिकन्स' सुद्धा 'स्लीपी मॅगी' या स्कॉटिश धुनेच्या घरातली. म्हणजे आयरिश वादनाचा नमुना म्हणून मिरवणाऱ्या रेकॉर्डवरच्या दोन्ही धुनांना स्कॉटिश नातेवाईक आहेत!

मग 'ही धून आयरिश नाहीच' असं म्हणायचं का? तीही घाईच. धून ज्या वर्षी छापली गेली, त्या वर्षी ती अस्तित्वात होती, एवढंच छपाई सांगते. आणि दीडशे वर्षांत आयरिश वादकांनी तिचं जे केलं, तेही तिचंच आहे.

आता माझ्या चुकीकडे येते. कोलमनच्या रेकॉर्ड अमेरिकेतून आयर्लंडमध्ये पोहोचल्या आणि त्या ऐकून असंख्य वादक शिकले. ओनीलच्या पुस्तकाचंही तेच झालं. म्हणून पुढच्या दहा वादकांनी तेच स्वर वाजवले, तर ते दहा साक्षीदार होत नाहीत. दहा तोंडांनी बोलणारा तो एकच साक्षीदार असू शकतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका आकड्यापुढे ऐटीत पाच पेपरचे संदर्भ दिले होते. गाइडनी एवढंच विचारलं, "या पाचांनी तो आकडा मोजलाय का?" दोन दिवस उलटं वाचत गेले. पाचही जणांनी तो एकाच जुन्या पेपरमधून उचललेला होता.

आयरिश संगीतात हा धागा नीट उलगडण्यासाठी खपलेला माणूस म्हणजे ब्रेनडान ब्राहनाक. नावं बदलतात, एकाच धुनेला चार नावं असतात आणि एकाच नावाच्या चार धुना असतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने धुनेच्या सुरुवातीच्या आघाताच्या स्वरांना आकडे देऊन कार्डांची सूची केली. आपल्या सरगमसारखंच: पट्टी कुठलीही असो, सा तो सा. 1963 पासून निघालेल्या त्याच्या संग्रहांत धून कोणी वाजवली आणि तिची दुसरी नावं कोणती, याच्या टिपाही आहेत. एक वाचक म्हणून मला त्या टिपा धुनांइतक्याच मोलाच्या वाटतात.

तुम्ही लवकरच लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसाल. तेव्हा प्रत्येक संदर्भापुढे पेन्सिलने एक खूण करा: याने स्वतः पाहिलं, की दुसऱ्याचं ऐकून सांगितलं? माझ्या यादीत अशा खुणा केल्यावर पाचाचा एक झाला होता. वाईट वाटलं, पण त्या एकाला मी पहिल्यांदा नीट वाचलं.