फाटकाबाहेरचे पर्यावरण : उद्योगांचा निधी आणि हवामानबदलाचे स्थानिक कार्य

हवामानबदलाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थांनी उद्योगसमूहांचा पैसा घ्यावा की घेऊ नये, हा वाद आपल्याकडे बहुधा नैतिक शुचितेच्या भाषेत चालतो. एक पक्ष असा पैसा कलंकित मानतो. दुसरा पक्ष पैशाला रंग नसतो असे म्हणून मोकळा होतो. प्रस्तुत लेखात हा वाद बाजूला ठेवून, निधीच्या कायदेशीर रचनेमुळे संस्थांची कार्यकक्षा कशी आखली जाते, याची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथील खाम नदीचे उदाहरण घेतले आहे.

जटवाड्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी खाम हर्सूल तलावातून, पाणचक्कीच्या शेजारून शहर ओलांडते आणि पुढे नाथसागराला मिळते. ज्या जलाशयातून शहर पिण्याचे पाणी उचलते, त्याच जलाशयाकडे शहराचे सांडपाणी ही नदी वाहून नेते. २०१८ च्या कचराकोंडीत नारेगाव आणि मिटमिट्याने शहराला जे दाखवून दिले, ते खामच्या पात्रात कितीतरी आधीपासून दिसत होते. अशा नदीच्या पुनरुज्जीवनासाठी महानगरपालिका, छावणी परिषद, ईकोसत्त्व ही संस्था आणि वाहनांचे सुटे भाग बनविणारा व्हेरॉक उद्योगसमूह एकत्र आले. काठांची स्वच्छता झाली, पात्रात जाणारा कचरा अडविण्याची व्यवस्था उभी राहिली, झाडे लागली, नागरिकांना नदीकाठी बसता येऊ लागले. शहरांच्या हवामानविषयक सज्जतेसाठी जागतिक संसाधन संस्थेतर्फे दिल्या जाणाऱ्या २०२३-२४ च्या पुरस्काराच्या अंतिम फेरीत हा उपक्रम पोहोचला. या कामाचे मोल नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. येथे उपस्थित केलेला प्रश्न या किंवा अन्य कोणत्याही संस्थेच्या सचोटीचा नाही.

प्रश्न कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ पासून सुरू होतो. ठरावीक मर्यादेपलीकडील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावी, अशी ही तरतूद. सातव्या अनुसूचीत पर्यावरणीय शाश्वतता, माती, हवा व पाणी यांची गुणवत्ता हे विषय आहेत. मात्र कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेला खर्च यात धरता येत नाही. तत्त्वतः हे योग्यच आहे. स्वतःच्या धुराड्याची सफाई हे दान कसे होईल? परंतु याचा दुसरा अर्थ फारसा लक्षात घेतला जात नाही. या निधीतून होणारे पर्यावरणकार्य व्याख्येनेच कारखान्याच्या फाटकाबाहेर घडते. कालमर्यादाही आहेच. दीर्घकालीन प्रकल्पाला सुरुवातीचे वर्ष वगळून जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात. नदीचे कालमान असे नसते.

परिणामी या निधीवर जगणाऱ्या संस्थेची दृष्टी फाटकाबाहेर स्थिरावते. कोणी तिला गप्प राहावयास सांगत नाही. सांगण्याची गरजच पडत नाही. उदाहरणार्थ, सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून कारखान्यातील इंधन आणि विकत घेतलेली वीज यांतून होणाऱ्या उत्सर्जनाची माहिती जाहीर करावी लागते. पाणीवापराचे आकडेही त्यात असतात. ही माहिती वाळूज आणि शेंद्र्याच्या संदर्भात वाचणे, ताडून पाहणे, तिच्यावर प्रश्न विचारणे हे हवामानविषयक कार्यच होय. पण या कामाचे छायाचित्र निघत नाही आणि त्याला देणगीदार मिळणे अवघड. एप्रिल २०१६ मधील भीषण दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला, तोही एका जनहित याचिकेवर. कोणत्याही उत्तरदायित्व निधीच्या अहवालात अशी याचिका बसली नसती.

अमेरिकेतील सिएरा क्लबचा अनुभव येथे उद्बोधक आहे. कोळशाविरुद्धच्या मोहिमेसाठी या संस्थेने २००७ ते २०१० या काळात चेसापीक एनर्जी या नैसर्गिक वायू कंपनीशी संबंधित व्यक्तींकडून आणि उपकंपन्यांकडून अडीच कोटी डॉलरहून अधिक रक्कम घेतली. २०१२ मध्ये ही गोष्ट उघड झाली. कोळशाविरुद्धची मोहीम खोटी नव्हती. वायूविषयी तिने काय म्हटले नाही, हा मुद्दा होता.

यावर कोणी म्हणेल की बाहेरच्या पैशाशिवाय मराठवाड्यात काय उभे राहिले? आक्षेप रास्त आहे. जालना जिल्ह्यातील कडवंची येथे मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने केलेल्या पाणलोट विकासामागे इंडो-जर्मन कार्यक्रमाचा, म्हणजे परकी पैसा होता. परंतु त्या कार्यक्रमाला गावाची संमती, श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी हवी होती आणि कामाचा हिशेब ग्रामसमितीपुढे होत होता. विजयअण्णा बोराडे यांच्यासारख्या कार्यकर्त्याला देणगीदाराइतकेच गावालाही उत्तर द्यावे लागे. खामच्या काठी राहणाऱ्या वस्त्यांना असा हिशेब मागण्याचे कोणते व्यासपीठ आहे? २०२० च्या दुरुस्तीने परकी निधी एका संस्थेकडून दुसरीकडे देण्यास बंदी झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. लहान संस्थांचे देशी उद्योगांवरील अवलंबित्व त्यामुळे वाढणे स्वाभाविक होते.

डिसेंबर २०२५ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वात पर्यावरणीय उत्तरदायित्व अंतर्भूत असल्याचे म्हटले. हे कर्तव्य असेल, तर ते कोठे व कसे पार पाडावे हे एकट्या देणाऱ्याने ठरविणे तर्कसंगत नाही. संस्था व कंपनी यांच्यातील करारनामे जाहीर करणे, अनेक कंपन्यांचा निधी एका सामाईक निधीत जमा करून त्याचा विनियोग नागरिक व तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविणे, यांचा विचार त्या दिशेने व्हावयास हवा.

आपली महाविद्यालयेही या व्यवस्थेबाहेर नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकड्या प्रायोजकाचे नाव छापलेले टी-शर्ट घालून वृक्षारोपणाला जातात आणि ती छायाचित्रे नॅकच्या अहवालात विस्तारकार्य म्हणून लागतात. वास्तविक रसायनशास्त्राच्या पदवी प्रयोगशाळेत पाण्यातील विरघळलेला प्राणवायू आणि जैविक प्राणवायू मागणी मोजता येते. हर्सूलच्या खाली, पाणचक्कीपाशी आणि नाथसागराच्या अलीकडे दर महिन्याला नमुने घेऊन ते आकडे महाविद्यालयाच्या फलकावर लावावयास कोणत्याही कंपनीच्या निधीची आवश्यकता नाही.