कुरूपतेचे व्याकरण : ‘बेट्टी’च्या तीन संहिता आणि प्रतिरूपणाचा प्रश्न

दूरचित्रवाणी मालिकांमधील समाजचित्रणाची चर्चा करताना मराठी समीक्षा ‘प्रतिनिधित्व’ आणि ‘प्रतिरूपण’ हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरते. वस्तुतः हे दोन वेगळे व्यापार आहेत. एखाद्या समूहाच्या वतीने कोणीतरी उभे राहणे हे प्रतिनिधित्व. त्या समूहाचे रूप चिन्हांच्या साहाय्याने घडविणे हे प्रतिरूपण. मार्क्सच्या जर्मन शब्दांचा आधार घेऊन गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी 1988 मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात हाच भेद अधोरेखित केला होता. मालिकांच्या समीक्षेत मात्र पहिल्याचीच मोजदाद होते. पडद्यावर अमुक समाजाची किती माणसे दिसली, ती भली दाखविली की बुरी, एवढ्यावर निकाल दिला जातो. ती रूपे कोणत्या चिन्हांनी, किती काळात आणि कोणाच्या दृष्टीला गृहीत धरून घडली, हा प्रश्न मागे पडतो. ‘अग्ली बेट्टी’ ही अमेरिकन विनोदी नाट्यमालिका आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या दोन संहिता यांचे एकत्र वाचन केल्यास हा मागे पडलेला प्रश्न टाळता येत नाही.

या संहितांचा प्रवास सर्वपरिचित आहे. कोलंबियातील आरसीएन वाहिनीवर फेर्नांदो गायतान यांनी लिहिलेली ‘यो सोय बेट्टी, ला फेआ’ ही मालिका ऑक्टोबर 1999 ते मे 2001 या काळात प्रसारित झाली. पुढे अनेक देशांनी तिचे हक्क घेऊन आपापल्या आवृत्त्या काढल्या. सोनी वाहिनीवरील ‘जस्सी जैसी कोई नहीं’ (2003 ते 2006) ही त्यांतली हिंदी आवृत्ती, तर एबीसीवरील ‘अग्ली बेट्टी’ (2006 ते 2010) ही अमेरिकन. म्हणजे हिंदी आवृत्ती अमेरिकन आवृत्तीच्या तीन वर्षे आधीची आहे. लॅटिन अमेरिकेची कथा पश्चिमेच्या दारातून भारतात येते, या सवयीच्या समजुतीला येथे आधार नाही. शिवाय हा मार्ग त्यापूर्वीच मळलेला होता. ‘हम लोग’ (1984-85) या दूरदर्शनच्या पहिल्या दीर्घ मालिकेमागे मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या प्रबोधनपर मालिकांचा आदर्श होता, आणि तो दिल्लीपर्यंत पोहोचण्यात तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांच्या मेक्सिको भेटीचा वाटा होता. फरक इतकाच की, ‘हम लोग’च्या वेळी शासनाने एक पद्धती उचलली, ‘जस्सी’च्या वेळी एका खाजगी वाहिनीने परवाना विकत घेतला. तौलनिक साहित्याभ्यासाने भाषांतर, रूपांतर, अनुसर्जन अशा संज्ञा काळजीपूर्वक घडविल्या. परवान्याने होणाऱ्या या नव्या रूपांतराला मात्र त्याने अद्याप व्यापाराच्या खात्यावर टाकले आहे.

तिन्ही संहितांचे वेगळेपण शीर्षकांपासूनच सुरू होते. स्पॅनिश शीर्षक प्रथमपुरुषी आहे : मी बेट्टी, ती कुरूप मुलगी. लोकांनी चिकटविलेले विशेषण येथे ती स्वतःच्या तोंडाने उच्चारते, त्यामुळे त्या कबुलीत आव्हानाचा सूर मिसळतो. इंग्रजी शीर्षकात बोलणारा नाहीसा होतो आणि विशेषण नावाला उपाधीसारखे जोडले जाते. हिंदी शीर्षकात तर कुरूपतेचा उच्चारच नाही. तेथे कोणी तिसराच जस्सीची वाखाणणी करतो. निंदेचा शब्द स्तुतीने झाकला गेला आहे. ही सौम्यता वरवर सुसंस्कृत वाटते, पण तिची किंमत मोजावी लागते. ज्या शब्दाशी नायिकेने झगडायचे तोच शीर्षकातून वगळला की, ‘मन सुंदर असले म्हणजे झाले’ या दिलाशासाठी जागा मोकळी होते. (बेट्टी हे नाव हिंदीने राखले असते, तर देवनागरीत ते ‘बेटी’च्या अगदी शेजारी येऊन बसले असते. कौटुंबिक मालिकांच्या त्या काळात ही संधी कशी सुटली, याचे नवलच वाटते!)

तिघींची कुरूपता कशाची बनली आहे? चष्मा, दातांवरील तार, बेढब कपडे. या सर्व वस्तू काढून ठेवता येण्याजोग्या आहेत. ज्यास कुरूपता म्हटले आहे ती शरीराची नसून शरीरावर चढविलेल्या चिन्हांची आहे, आणि आतली अभिनेत्री रूढ अर्थाने देखणी आहे हे प्रत्येक प्रेक्षकास ठाऊक असते. हिंदी मालिकेच्या निर्मात्यांनी तर मोना सिंग यांचा खरा चेहरा बराच काळ माध्यमांपासून दडवून ठेवला होता. चिन्ह आणि चिन्हित यांमधील अंतर हाच जाहिरातीचा विषय झाला. अर्थ वस्तूत नसतो, तो संकेतव्यवस्थेत घडविला जातो, हे स्टुअर्ट हॉल यांचे प्रतिपादन एखाद्या वाहिनीने इतक्या व्यापारी कौशल्याने क्वचितच वापरले असेल.

मात्र चिन्हे तीच राहिली तरी त्यांचे चिन्हित प्रत्येक ठिकाणी बदलते. बोगोतामध्ये बेट्टीचा चष्मा वर्गाची खूण आहे. अर्थशास्त्र शिकलेली, वित्तव्यवहारात निष्णात अशी ही कनिष्ठ मध्यमवर्गीय मुलगी ‘इकोमोदा’ या वस्त्रोद्योगात सेक्रेटरी म्हणून लागते आणि अध्यक्षांच्या दालनालगतच्या कोंदट खोलीत बसते. न्यूयॉर्कमध्ये तीच खूण स्थलांतरिताची होते. पहिल्याच भागात क्वीन्समधील बेट्टी सुआरेझ ‘मोड’ या फॅशन मासिकाच्या कचेरीत येते ती ‘ग्वादालाहारा’ अशी ठळक अक्षरे असलेला लाल पाँचो पांघरून. या वस्त्रात विनोद आहेच. पण त्यावर हसणारा प्रेक्षक कोठे उभा आहे, हे प्रसंगातून स्पष्ट होत नाही. काचेच्या कचेरीतील सडपातळ मंडळींच्या नजरेने पाहिले तर ते गावंढळपणाचे हसू आहे. घरच्यांच्या प्रेमाची ऊब म्हणून तो पाँचो मोठ्या दिवसासाठी मिरवणाऱ्या मुलीच्या बाजूने पाहिले, तर हास्यास्पद ठरते ती कचेरीच. हॉल यांनी 1973 मध्ये मांडलेल्या संकेतन-विसंकेतनाच्या विवेचनात वर्चस्वानुकूल, वाटाघाटीचे आणि विरोधी असे वाचनाचे तीन पवित्रे सांगितले आहेत. पाँचोच्या प्रसंगात हे तिन्ही एकाच प्रेक्षकाच्या ठायी काही क्षणांत येऊन जाऊ शकतात. विनोदी नाट्यमालिका या प्रकाराचे सामर्थ्य या अनिश्चितीत आहे. शुद्ध विनोदात हसण्याची बाजू ठरलेली असते आणि शुद्ध अतिनाट्यात रडण्याची. येथे ती प्रेक्षकाला प्रसंगागणिक ठरवावी लागते.

बेट्टीला नोकरी मिळण्याचे कारणही दृष्टीशी निगडित आहे. मासिकाचे मालक ब्रॅडफर्ड मीड तिची निवड करतात ती आपला स्त्रीलंपट मुलगा डॅनियल तिच्याकडे वळून पाहणार नाही या खात्रीने. म्हणजे न पाहिले जाणे हीच तिची पात्रता. लॉरा मल्व्ही यांनी 1975 च्या निबंधात चित्रपटातील स्त्री ‘पाहिली जाण्यासाठी’ रचलेली असते असे दाखविले होते. बेट्टीच्या बाबतीत कथेतील पुरुषाने पाहायचे नाही आणि कॅमेऱ्याने मात्र सतत पाहायचे, असा पेच निर्माण होतो. त्याची उकल करण्यास चित्रपटाच्या सिद्धान्तापेक्षा जॉन एलिस यांचे ‘व्हिजिबल फिक्शन्स’ (1982) अधिक उपयोगी पडते. अंधारात रोखलेली टक हे चित्रपटाचे पाहणे. घरातील कामे करता करता टाकलेला दृष्टिक्षेप हे दूरचित्रवाणीचे. हा दृष्टिक्षेप दररोजचा असला की त्याचे सवयीत रूपांतर होते. कोलंबियन मालिका आठवड्याचे पाच दिवस, दीड वर्षाहून अधिक काळ चालली. हिंदी मालिका आठवड्याचे चार दिवस. इतक्या सहवासानंतर चष्मा आणि तार यांची खूण म्हणून असलेली धार बोथट होते. शेजारच्या घरातील मुलगी जशी ‘चष्म्याची’ म्हणून आठवत नाही, तशीच बेट्टीही. प्रेक्षकाच्या लेखी कुरूपता कायापालटाच्या कितीतरी आधी संपलेली असते. मग कायापालट कोणासाठी?

या प्रश्नाच्या उत्तरात तिन्ही संहितांची खरी कसोटी आहे. कायापालटाला सरसकट ‘तडजोड’ म्हणणारी टीका अर्धवट खरी आहे. गायतान यांच्या संहितेत तो प्रसंग ज्या ठिकाणी घडतो ते ठिकाण विसरता येत नाही. अर्मांदोने आपले प्रेम कंपनीच्या हिशेबासाठी रचलेले नाटक म्हणून वापरले, हे पत्रातून उमगल्यावर बेट्टी संचालकांसमोर खरी आकडेवारी उघड करते आणि कार्ताहेना येथे निघून जाते. कार्ताहेना हे कोलंबियाच्या राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेचे शहर. कुरूप ठरविलेली नायिका नेमकी त्या स्पर्धेच्या कामात मदतनीस म्हणून वावरते आणि तेथे तिचे रूप पालटते. सौंदर्य हा किती श्रमाने, किती जणांच्या हातांनी चालविला जाणारा उद्योग आहे, ते पडद्यामागून दिसते. ही उपरोधाची जागा लेखकाने हेरलेली आहे. त्यानंतर मात्र तो उपरोध विवाहाच्या सुखान्तात विरघळू देतो. फसविणाऱ्याशीच लग्न लावून देणारा तो शेवट कलादृष्ट्या कमकुवत आहे, असेच म्हणावे लागते.

हिंदी संहितेत परतलेली नायिका ‘जेसिका बेदी’ या वेगळ्या नावाने येते. हा बदल लहान वाटला तरी दूरगामी आहे. कोलंबियन बेट्टी रूप पालटूनही तीच व्यक्ती म्हणून अध्यक्षपदी बसते. हिंदी संहितेला रूपाबरोबर नावही बदलावेसे वाटते. हेसूस मार्तीन-बार्बेरो यांनी 1987 मधील ग्रंथात लॅटिन अमेरिकन अतिनाट्याला ‘ओळख पटण्याचे नाट्य’ म्हटले आहे. ज्या समाजात सामान्य माणसाला सार्वजनिक जीवनात ओळख नाकारली जाते, तेथे तो ती कथेतून मागतो, असा त्यांचा आशय. भारतीय वाचकाला येथे ‘अभिज्ञान’ हा शब्द सहज आठवेल. पण शकुंतलेच्या कथेत विसरणाऱ्याला ओळख पटते. जेसिकाच्या कथेत ओळख पटण्यासाठी आधी अनोळखी व्हावे लागते. नाट्याची ही खेळी 2003 नंतरच्या हिंदी मालिकांतील वेषांतराच्या सवयीशी जुळणारी असली, तरी मूळ संहितेतील मागणीला तिने बगल दिली आहे.

भारतीय परंपरेत रूपपालटाचा नमुना म्हणून कुब्जेची कथा आहेच. भागवतात कृष्णाच्या स्पर्शाने तिचा वाकलेला देह सरळ होतो. इंदिरा संत यांच्या ‘कुब्जा’ या कवितेत मात्र त्या स्पर्शाचा प्रसंगच नाही. अवेळी पाव्याचा सूर येतो आणि तो आपल्याकरताच आहे असा तिला प्रत्यय येतो, एवढ्यावर कवयित्री थांबते. देह सरळ न करताही ओळख देता येते, याचे उदाहरण मराठी कवितेत असे सिद्ध आहे. लोकप्रिय माध्यमाकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येऊ शकतो. तो पूर्णपणे मान्य करता येत नाही, कारण ‘अग्ली बेट्टी’ने त्या दिशेने काही अंतर कापलेले आहे. तिची चार पर्वे, एकूण 85 भाग, आठवड्यास एक या गतीने झाली. दातांवरील तार निघते ती 2010 मध्ये, चौथ्या पर्वाच्या अखेरीस. आणि तीही दंतवैद्याने ठरविलेल्या मुदतीप्रमाणे, कोणा पुरुषासाठी नव्हे. बदल येथे चमत्कार म्हणून न येता वय वाढण्याचा भाग म्हणून येतो. शेवटच्या भागात ती लंडनला नव्या नोकरीवर जाते. डॅनियल तिच्या मागोमाग तेथे पोहोचतो, पण विवाहाची खात्री संहिता देत नाही. पडद्यावर मालिकेचे नाव उमटते आणि त्यातील ‘अग्ली’ हा शब्द विरून जातो. हिंदी आवृत्तीला हे करता येण्यासारखे नव्हते, कारण तो शब्द तिने लिहिलेलाच नव्हता.

न लिहिलेल्या गोष्टींचा हिशेब आणखी मोठा आहे. भारतीय विवाहबाजारात मुलीच्या ‘रूपा’चा निवाडा प्रथम वर्णावरून होतो, वधूवरविषयक जाहिरातींची भाषा त्याची रोजची साक्ष आहे. तरीही जस्सीच्या कुरूपतेच्या सामग्रीत चष्मा आणि तार यांना जे स्थान मिळाले ते सावळ्या रंगाला मिळाले नाही, आणि रूपाच्या कल्पनेत जातीचा किती अंश मिसळलेला असतो हे विचारण्यापर्यंत तर मालिका जातच नाही. पंजाबी मध्यमवर्गीय घर हे तेथे एकूण ‘भारतीय’ घर म्हणून वावरते. सासू-सुनांच्या मालिका भरात असताना नोकरी करणारी, आकड्यांत हुशार नायिका आणल्याचे श्रेय ‘जस्सी’ला द्यावेच लागेल. तथापि आयात केलेल्या आराखड्याने कुरूपतेची चिन्हे जशीच्या तशी पुरविली आणि स्थानिक चिन्हे शोधण्याचे कष्ट वाचविले. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ रचताना लंडनच्या उच्चारभेदांच्या जागी मराठी बोलींमधील प्रतिष्ठेची उतरंड शोधून काढली होती. ते कष्टच रूपांतराला साहित्याच्या पदवीस नेतात.

अमेरिकन संहितेने हे कष्ट घेतले, पण तिचीही एक अडचण राहते. बेट्टीचे वडील इग्नासिओ हे कागदपत्रांविना राहिलेले स्थलांतरित आहेत. त्यांच्या घरातील दूरचित्रवाणी संचावर स्पॅनिश मालिका चालू असते आणि तिच्यातील मोलकरणीच्या भूमिकेत स्वतः सल्मा हायेक, म्हणजे ‘अग्ली बेट्टी’च्याच एक निर्मात्या, दिसतात. ती मालिका मुद्दाम भडक केलेली आहे : मोठमोठे हुंदके, वळून वळून टाकलेले कटाक्ष. इंग्रजीभाषक प्रेक्षक तिला हसतो. ज्या प्रकाराच्या जिवावर ही संहिता उभी आहे, त्याचीच येथे खिल्ली आहे. पुढच्या दृश्यात मात्र ‘मोड’च्या कचेरीत गुप्त बहीण, बनावट मृत्यू, वारसाहक्काची कारस्थाने असे सारे तेच प्रकार गंभीर चेहऱ्याने घडतात, तेव्हा विडंबन कोणाचे आणि ऋण कोणाचे हे ठरविणे अवघड होते. इग्नासिओ मात्र विडंबन पाहत नसतो. तो आपल्या भाषेतली, आपल्या देशाच्या सवयीची गोष्ट स्वयंपाक करता करता ऐकत असतो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर फार वेळ थांबत नाही.