‘परम’ कितपत स्वदेशी?

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली तयार केलेला ‘परम ८०००’ महासंगणक अनेकदा ‘संपूर्ण स्वदेशी’ म्हणून सांगितला जातो. हे वर्णन अपुरे आहे. त्यातील ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे होते. अनेक प्रोसेसर जोडून एकच गणित त्यांत वाटून देण्याची रचना मात्र आपली. अमेरिकेने क्रे महासंगणक अटी घालूनच दिला होता, म्हणून ही कमाई मोठी. पुढे पवईच्या आयआयटीने ‘अजित’ प्रोसेसरचा आराखडा केला. तो मोहालीत १८० नॅनोमीटर तंत्राने घडला. पण त्याचा ‘स्पार्क’ आज्ञासंच मूळचा परदेशी, जरी सर्वांना खुला असला तरी. म्हणून ठाणे-डोंबिवलीच्या वर्गांतही ‘स्वदेशी की विदेशी?’ असे न विचारता ‘यातला कोणता भाग कोण अडवू शकतो?’ असे विचारावे. परावलंबन त्यानेच मोजता येते.