छायाचित्र कोणाचें?

‘दि पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळांत लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. जॉन फोर्ब्स वॉटसन व जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. लॉर्ड कॅनिंग व त्यांच्या पत्नी यांस आठवणीखातर येथील लोकांचीं कांहीं छायाचित्रें हवीं होतीं, हें या उद्योगाचें मूळ. पुढें १८५७ च्या उठावानंतर त्या हौसेचें सरकारी काम झालें. चारशेंहून अधिक छायाचित्रें, आणि त्यांसोबत त्या त्या जातीच्या स्वभावाचा निवाडा: कोणी राजनिष्ठ, कोणी कपटी, कोणी पिढीजात चोर! आम्हांस चित्रांत केवळ माणसें दिसतात. ओल्या कांचेवर प्रतिमा उमटेपर्यंत निश्चल राहावें लागल्यामुळें कांहींशीं अवघडलेलीं. कपट तेवढें संपादकांस दिसलें.

वेशभूषेची माहिती म्हणून हा ग्रंथ मोलाचा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्याचा घाव कोठें बसला हें जाणावयाचें तर सय्यद अहमद खान यांचा लंडनमधील १८६९ सालचा अनुभव पाहावा. इंडिया ऑफिसांत त्यांचे चिरंजीव महमूद हा ग्रंथ चाळीत असतां एका तरुण इंग्रजानें विचारलें, आपण हिंदुस्थानी काय? महमूद शरमले, होय म्हणाले, आणि लागलीच पुस्ती जोडली कीं, आपलें घराणें तेथील मूळचें नव्हे, पूर्वज परदेशांतून आलेले. वाडवडिलांचा हा दाखला त्यांस त्या क्षणीं कामास आला. चित्रांतील माणसांपाशीं तोही नव्हता.

विल्यम जॉन्सनचा मुंबईच्या रहिवाशांवरील ग्रंथ (१८६३, १८६६) याहून देखणा खरा. मात्र त्यांतील माणसें एकीकडे उतरविलेलीं आणि मागचे देखावे दुसऱ्या छायाचित्रांतून आणून जोडलेले!

याच मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी तींत होते. आणि पुढें हरिश्चंद्र चिंतामण यांनीं स्वतःचा स्टुडिओ चालविला. अशा ठिकाणीं गिऱ्हाईक पैसे मोजून बसे. पगडी कोणती, हातांत पुस्तक कीं काठी, यांत त्याचा शब्द चाले. मागचा पडदा व कठडा विलायती थाटाचे असत, आणि असा थाट परवडणारीं घरें थोडीं, हेंही खरें. तरी ती तसबीर जातीचा नमुना म्हणून नव्हे, तर आपली म्हणून घरीं जाई. वाचकांकडे पणजोबांची अशी एखादी तसबीर असेल, तर ती ओळखणारें वडील माणूस हयात आहे तोंवर तिच्या मागें नांव, गांव व साल पेन्सिलीनें लिहून ठेवावें.