यंत्राला गुरू कोण?

गाणे गुरूशिवाय येत नाही, हे आपल्याकडे इतक्या वेळा सांगून झाले आहे की ते आता कोणी तपासूनही पाहत नाही. पण ज्या संगीताला गळा नाही, तार नाही, फुंकरही नाही, केवळ विजेच्या स्पंदनांतून जे घडवावे लागते, ते कोणी कोणाकडून शिकावयाचे? वरूडसारख्या गावात हा प्रश्न आता चैनीचा राहिलेला नाही. वरातीपुढे वाजणारे पुष्कळसे संगीत आज संगणकावर जुळवलेले असते आणि ते जुळवणारी पोरे आपल्याच आळीतली असतात. नामांकित कलावंतांचे चित्रित धडे त्यांना घरबसल्या मिळतात. तेव्हा ही विद्या आपल्याकडे आधी कोणी कशी मिळवली, हे दोन ध्वनिमुद्रिकांच्या आधारे पाहणे अगदीच वावगे होणार नाही.

पहिली हकीकत अहमदाबादची. तेथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन कलावंताने मूग सिंथेसायझर उभा करून दिला. या उपक्रमाशी गीता साराभाई यांचे नाव जोडलेले आहे. या बाई पखवाज वाजवीत. १९४६ साली न्यूयॉर्कला त्यांनी जॉन केज या संगीतकाराला हिंदुस्थानी संगीत सांगितले आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे पाठ घेतले; फी म्हणून विद्येच्या बदल्यात विद्या! पुढे अहमदाबादचा तो स्टुडिओ बंद पडला. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या, त्या पॉल पर्गस या लंडनच्या कलावंताने शोधून काढल्या आणि २०२३ साली ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने त्या रसिकांपुढे आल्या.

या फिती ऐकताना कौतुक वाटते, पण समाधान होत नाही. यंत्र काय काय करू शकते हे पाहण्याचा आनंद त्यांत ओसंडतो. काय करू नये, याचा विचार क्वचितच दिसतो. नवीन पेटी घरात आली की मुले सगळे सूर एकदम दाबून पाहतात, तसला तो आनंद. ट्यूडर आला आणि गेला. यंत्र कसे चालते हे त्याने दाखवले असेल, पण वर्षानुवर्षे शेजारी बसून ‘हे काढून टाक’ म्हणणारे माणूस त्या मंडळींना लाभले नाही, असे मला या फितींवरून वाटते.

दुसरी हकीकत मुंबईची, आणि माझ्या मते अधिक मोलाची. चरणजित सिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रे जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. ती यंत्रे तेव्हा इतकी नवी होती की ती शिकवणारा अनुभवी उस्ताद शोधून तरी कोठे सापडणार? ते यंत्रापाशी बसूनच शिकले. तबकडी त्या वेळी कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या फ्यूचर या मंडळींनी त्यांतल्याच एका यंत्रावर, टीबी-३०३ वर, नव्या तऱ्हेचे नृत्यसंगीत काढले आणि ते जगभर गाजले. मग २०१० मध्ये सिंगांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली. २०१५ साली ते वारले.

‘जगात पहिले’ या बिरुदाचे मला फारसे अप्रूप नाही. तबकडी ऐकावी ती भैरवीसाठी. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. मूळ हेतू बास गिटारची नक्कल करण्याचा. सिंगांच्या कानाला त्यात मींड सापडली. हे कोणत्या माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते! मात्र दोषही तेथेच. ठेका एकसारखा धावतो, त्यामुळे ललित आणि कलावती एकाच घाईने समोरून जातात. तोडीचा अतिकोमल गंधार तर पट्ट्यांच्या बारा सुरांत मावतच नाही. हाच आक्षेप आपण हार्मोनियमवर घेत होतो, आणि आकाशवाणीने तिला १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवले होते. पेटी तरीही टिकली, कारण गवयांच्या मागे बसून ती वाजवणाऱ्यांनी कानाने तिची उणीव सांभाळली.

आता आपल्या पोरांविषयी. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायला शिकणारा पोरगा जाणत्याच्या हाताखाली बसतो. साल कुठे खोल कापली गेली, हे जाणता पाहतो आणि तिथल्या तिथे हात धरतो. चित्रित धडा कितीही थोर कलावंताचा असो, तो बोलतो. शिकणाऱ्याचे ऐकत नाही. म्हणून आमच्या मुलांना बटणे सगळी ठाऊक असतात आणि तरी ढोलाच्या घुमाऱ्यात गाण्याचे शब्द बुडून जातात. वरूडच्या भजनी मंडळातल्या जुन्या पेटीवाल्याला यातले एक बटण ओळखता येणार नाही, पण सूर कुठे बिघडला हे तो पाठमोरा बसूनही सांगेल. मुलांनी आपले काम त्याला आधी ऐकवावे. भोंगे मग जोडावेत.