तार तीच, भार दुप्पट

2001 च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या सुमारे 98 हजार होती. 2011 मध्ये ती सुमारे 1 लाख 74 हजार झाली. कात्रपसारख्या भागांत बहुमजली इमारती वाढल्या की त्यांच्याबरोबर लिफ्ट, पाण्याचे पंप आणि एसी येतात. विजेची मागणी वाढल्यावर उपाय म्हणून बहुधा एकच गोष्ट ऐकू येते: नवे रोहित्र बसवले, क्षमता वाढली. हे विधान अर्धेच खरे आहे, असे आम्हांला वाटते.

रोहित्र ग्राहकांच्या जवळ आणल्याने लघुदाबाच्या तारांची लांबी कमी होते आणि हानीही घटते, हे मान्यच केले पाहिजे. पण त्या रोहित्रापर्यंत वीज आणणारी 11 किलोव्होल्टची वाहिनी तीच राहिली, तर वाढलेला सारा भार तिच्यावर येतो. याचा हिशेब दहावीच्या गणितानेही करता येतो.

आपल्याकडच्या वाहिन्यांत पोलादी गाभ्याभोवती अ‍ॅल्युमिनियमचे पेड असलेली तार वापरतात. तिच्या आकारांना प्राण्यांची इंग्रजी नावे आहेत. ‘रॅबिट’मध्ये सुमारे 53 चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम असते, ‘डॉग’मध्ये सुमारे 105. 20 अंश सेल्सिअसला त्यांचा रोध दर किलोमीटरला अनुक्रमे सुमारे 0.545 आणि 0.273 ओहम असतो. समजा, रॅबिटची वाहिनी 3 किलोमीटर लांब आहे, सर्व भार टोकाला आहे आणि प्रत्येक तारेतून 75 अँपिअर प्रवाह वाहतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, या सूत्राने तिन्ही तारांत मिळून सुमारे 28 किलोवॅट शक्तीची उष्णता होते. भार दुप्पट झाला, प्रवाह 150 अँपिअर झाला, की ही हानी दुप्पट न होता चौपट होते: सुमारे 110 किलोवॅट. तिथे डॉग ओढली तर ती 55 वर येते. असा भार रोज चार तास राहिला, तर दिवसाला सुमारे 220 युनिट वाचतात. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या 66 घरांना ती पुरतील.

प्रत्यक्षात चित्र याहून वाईट असते. तार तापते तसा तिचा रोध वाढतो. 75 अंशांना तो 20 अंशांच्या तुलनेत सुमारे 22 टक्के जास्त असतो. तापलेली तार लांबते, तिचा झोळ वाढतो आणि जमिनीपासूनचे सुरक्षित अंतर कमी होते. म्हणून तारेची मर्यादा केवळ अँपिअरची नसते, तापमानाचीही असते. शिवाय रॅबिटचे वजन किलोमीटरला सुमारे 214 किलो, तर डॉगचे 394. जुन्या खांबांना आणि त्यांच्यातील अंतराला हा बोजा पेलेल का, हे आधी तपासावे लागते. तार बदलण्याचे काम मागे पडण्याचे हेही एक कारण आहे.

आमचा खरा आक्षेप मोजपट्टीवर आहे. केंद्र सरकारने 2021 मध्ये वितरण सुधारण्यासाठी 3 लाख 3 हजार 758 कोटी रुपयांची योजना आणली. तारा बदलण्याच्या कामांना तीत जागा आहे. पण यश मोजण्याच्या प्रमुख आकड्यांपैकी एक म्हणजे ‘एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी’. देशभरासाठी 2024-25 पर्यंतचे उद्दिष्ट होते 12 ते 15 टक्के. हा आकडा कसा बनतो ते पाहा. वाहिनीत 100 युनिट गेले, 90 युनिटांची बिले निघाली आणि बिलांपैकी 95 टक्के रक्कम वसूल झाली, तर हानी 14.5 टक्के. आता वसुली पूर्ण झाली की हानी 10 टक्के! यात उष्णतेचे एकही युनिट वाचलेले नाही. वसुली महत्त्वाची आहेच, परंतु थकबाकी, वीजचोरी आणि तापलेली तार एकाच टक्केवारीत बांधल्यावर तारेचे दुखणे दिसेनासे होते. उष्णतेची हानी वाहिनीनिहाय, वेगळी आणि संध्याकाळच्या कमाल भाराला मोजलेली जाहीर व्हावी.

शाळेतही आपण अर्ध्यावर थांबतो. उच्च दाबाने वीज नेली की हानी कमी होते, एवढे सांगून धडा संपतो. रोध तर कायमचा स्थिर धरला जातो. शिक्षकांनी वरचा हिशेब फळ्यावर करून घ्यावा. मुलांनी आठवडाभर घरच्या स्टॅबिलायझरवरील इनपुट दाब दुपारी आणि रात्री नऊला नोंदवून आलेख काढावा. भारतीय वीज नियम, 1956 मध्ये घरगुती पुरवठ्याच्या दाबातील फरकाला 6 टक्क्यांची मर्यादा होती. 230 व्होल्टसाठी याचा अर्थ सुमारे 216. रात्रीचा आकडा त्याखाली घसरला, तर दोष रोहित्रात आहे की तारेत, हा प्रश्न मुलांनी विचारावा. खांब, तारा वा रोहित्राजवळ मात्र कुणी जाऊ नये. असा आलेख जोडलेला तक्रारअर्ज ‘लाइट डिम होते’ या वाक्यापेक्षा टाळायला कठीण असतो.