‘एन्जामी’चं मराठी

मार्च २०२१मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ आलं, तेव्हा पहिल्या आठवड्यात मी ते किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. अरिवु आणि धी यांचे आवाज, संतोष नारायणन यांचं संगीत, आणि मधूनच उठणारा ओप्पारीचा सूर. ओप्पारी म्हणजे मयताच्या वेळी बायका मेलेल्या माणसाला हाका मारत जे गातात ते. मी चेन्नईत राहते, तमिळमधून मराठीत अनुवाद करते. आवडलेल्या गोष्टीचं लगेच मराठी करून बघणं ही माझी खोड आहे. एका रात्रीत मी त्या गाण्याचं मराठी केलं आणि पुण्या-मुंबईच्या मित्रमैत्रिणींना धाडून दिलं. माती, झाडं, पूर्वज, पाखरं, आजी. सगळ्यांना आवडलं. ‘एन्जामी’ला मी ‘माझ्या राजा’ केलं होतं.

दोन आठवड्यांनी ते टीचरम्मांना दाखवलं. मला तमिळ शिकवणाऱ्या या बाई आता निवृत्त आहेत. त्यांना मराठी येत नाही, म्हणून माझी प्रत्येक ओळ मी त्यांना तमिळमध्ये उलटी समजावून सांगते आणि त्यातच माझ्या बऱ्याच चुका सापडतात. ‘राजा’पाशी त्यांनी मला थांबवलं. ‘एन् सामी’ म्हणजे ‘माझा स्वामी’, बोलताना त्याचं ‘एन्जामी’ होतं. “माझी आजी मला न्हाऊ घालताना सामी म्हणायची,” त्या म्हणाल्या, “आणि माझे आजोबा जमीनमालकासमोर चपला काढून उभे राहायचे, तेव्हा तेही सामीच म्हणायचे. तू फक्त आजीचं घेतलंस.”

अरिवुच्या गाण्यात ही दोन्ही माणसं आहेत. त्याची आजी वल्लियम्मा सिलोनच्या चहामळ्यांत राबलेल्या भूमिहीनांपैकी. १९६४च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर अशा लाखो तमिळ मजुरांना भारतात ‘परत’ पाठवायचं ठरलं. त्यांतल्या अनेकांनी भारत कधी पाहिलाही नव्हता. मळे उभे केले त्यांनी आणि जमीन नावावर दुसऱ्याच्या, ही गोष्ट त्या नाचऱ्या तालाच्या खाली आहे. मला ताल ऐकू आला होता. खालची गोष्ट मी निसर्गकविता म्हणून पुढे पाठवून दिली होती.

चाहत्याची घाई ती हीच, असं यावर कोणी म्हणेल. अंशतः खरं आहे. पण ज्या उत्साहानं मी चूक केली, त्याच उत्साहानं ते गाणं पुढे शंभरदा ऐकलं, आणि त्या ऐकण्यातच ती चूक सुधारायची वाट सापडली. नव्या अल्बमांवर लिहिताना समीक्षकानं जरा अंतर राखून बोलावं अशी अपेक्षा असते. माझा अनुभव वेगळा आहे. ज्याला एखादा अल्बम मनापासून आवडतो, तो श्रेयनामावली वाचतो, ढोल कोणी वाजवला हे शोधतो, न कळलेला शब्द विचारायला कोणाच्या तरी दारात जातो. समीक्षेचं निम्मं काम इथेच झालेलं असतं.

चेन्नईत या नव्या संगीताला ‘तनि इसै’ म्हणतात. तनि म्हणजे एकटं, वेगळं. कर्नाटक मैफलीत गायक थांबतो आणि मृदंगवाला एकटा वाजवतो त्या ‘तनि आवर्तनम्’मधलं तेच हे तनि. हे संगीत वेगळं कशापासून, तर सिनेमापासून. तमिळनाडूत गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं, हे समीकरण इतकं पक्कं आहे की सिनेमाबाहेर गाणारा माणूस आपोआप ‘तनि’ ठरतो. मग या एकाच शब्दाखाली २०१२मध्ये ‘हिप हॉप तमिळन’ हा अल्बम काढणारे हिपहॉप तमिळा येतात, इंग्रजीत गाणारे ‘द एफ-१६ज’ येतात आणि अरिवुही येतो. पण बारकाईनं पाहिलं तर सिनेमा फार लांब नसतो. हिपहॉप तमिळा लवकरच सिनेसंगीतात गेले. संतोष नारायणन सिनेमाचेच संगीतकार. ‘एन्जॉय एन्जामी’ ज्या माज्जा कंपनीनं काढलं, तिच्यामागे ए. आर. रहमान यांचं पाठबळ होतं. तेव्हा ‘स्वतंत्र’ या शब्दावर मी फार विसंबत नाही. गाण्यात कोणाकोणाचा वाटा आहे, आणि तो ऐकणाऱ्याला दिसतो का, हे विचारणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

या प्रश्नाचं सर्वांत ठाशीव उत्तर ६ जानेवारी २०१८ रोजी किल्पॉकच्या एका शाळेच्या मैदानावर मिळालं. दिग्दर्शक पा. रंजित यांचं नीलम सांस्कृतिक केंद्र आणि संगीतकार टेन्मा यांनी मिळून उभ्या केलेल्या १९ जणांच्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’चा तो पहिला जाहीर कार्यक्रम. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधला गाना, पराई, रॅप, रॉक, सगळं एका मंचावर. गाना हा मयताच्या घरी रात्रभर गायला जाणारा प्रकार, आणि गाणारे बहुतेक पुरुष. इथे इसैवाणी गात होती. पुढे २०२०मध्ये बीबीसीनं जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत तिचं नाव घेतलं.

मला मात्र आधी त्यांचं नाव आवडलं, कारण ते नाव म्हणजे एक अनुवाद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडित अयोत्तिदासांनी आपल्या माणसांना सांगितलं होतं की जनगणनेत स्वतःची नोंद ‘जात नसलेले तमिळ’ अशी करा. हेच अयोत्तिदास १९०७पासून ‘ओरु पैसा तमिळन’ हे साप्ताहिक चालवत होते. त्यांचा ‘जात नसलेले’ हा शब्द शंभराहून जास्त वर्षांनी इंग्रजीत जाऊन एका बँडचं नाव झाला. त्यानंतर डिसेंबर २०२०पासून नीलमनं ‘मार्गळियिल मक्कळ इसै’, म्हणजे मार्गळीतलं लोकांचं संगीत, हा महोत्सव सुरू केला. मार्गळी म्हणजे आपला धनुर्मास. याच महिन्यात १९२८ साली स्थापन झालेली म्युझिक अकॅडमी आणि तिच्यासारख्या सभा कर्नाटक संगीतानं भरून जातात. महिना एकच ठेवून त्यात दुसरं संगीत आणणं हा वादाचा मुद्दा त्यांनी एकही भाषण न करता मांडला.

इथे मराठी वाचकाला वाटेल, आपल्याकडे हे आधीच झालंय. आंबेडकरी जलसे झाले, वामनदादा कर्डक झाले, भीमगीतांच्या कॅसेटी घरोघरी वाजल्या. खरं आहे. अलीकडचंही सांगता येईल. मुंबईच्या ‘स्वदेसी’नं २०१९मध्ये आरेच्या पाड्यातले कार्यकर्ते-गायक प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. पण आपण या गाण्यांचं काय केलं? ‘गोलपिठा’ १९७२मध्ये आला आणि आपल्या नियतकालिकांनी त्याच्या भाषेवर पानंच्या पानं लिहिली, ते योग्यच झालं. त्याच वस्त्यांतून निघालेल्या गाण्यांच्या शब्दांवर, चालींवर, गायकीवर तशी पानं फारच थोडी निघाली. आपण ती ‘चळवळीची गाणी’ म्हणून एका बाजूला ठेवली. चेन्नईत मला फरक जाणवला तो हा, की इथले चाहते या गाण्यांवर अल्बम म्हणून भांडतात. कोणतं गाणं फसलं, कोणाचा बास जास्त झाला, इथवर. तो मला आदराचाच प्रकार वाटतो.

तेव्हा थोडं भांडू. अरिवु आणि ऑफ्रो यांचा ‘तेरुकुरल’ २०१९चा. तिरुवळ्ळुवरांच्या ‘तिरुक्कुरल’मधल्या ‘तिरु’च्या (म्हणजे श्री, पवित्र) जागी ‘तेरु’ (म्हणजे रस्ता) घातला की झाला रस्त्याचा कुरल. कुरल हा सात पदांचा चिमुकला छंद, पहिल्या ओळीत चार, दुसरीत तीन. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना त्यांची तमिळशी ओळख झाली आणि त्यांनी ‘कुरल’ मराठीत आणला. त्यामुळे हे शीर्षक मराठीत पोचवायला मला फार अडचण येऊ नये. अडचण येते ती यमकात. आपलं यमक ओळीच्या शेवटी असतं. तमिळ छंदशास्त्रात ‘मोनै’ म्हणजे पहिल्या अक्षराचं साम्य आणि ‘एदुगै’ म्हणजे दुसऱ्या अक्षराचं. तमिळ कान ओळीच्या सुरुवातीला नाद शोधतो, आणि तमिळ रॅपचा जोरही बराचसा तिथून येतो. ‘स्वदेसी’चा एमसी मवाली मराठीत रॅप करतो तेव्हा मी टाळी द्यायला ओळीच्या शेवटाची वाट बघते. अरिवु ऐकताना ती टाळी मला ओळ सुरू होतानाच द्यावीशी वाटते. अनुवादात मी हे अजून साधू शकलेले नाही.

त्याचा २०२४चा ‘वल्लियम्मा पेरांडी’ मला ‘तेरुकुरल’पेक्षा भरलेला वाटतो आणि थोडा जडही. काही ठिकाणी म्हणायचं आहे ते आधी ठरलेलं आहे आणि चाल त्याच्या मागून धावते आहे, असं होतं. ‘एन्जॉय एन्जामी’त आजीचं रडणं नाचत येतं, तो मोकळेपणा इथे सगळीकडे नाही. तरी शीर्षकापुढे मी हरते. ‘वल्लियम्मा पेरांडी’ म्हणजे वल्लियम्माचा नातू. आपली ओळख आजीच्या नावानं सांगणारा अल्बम.

हे शीर्षक कुठून आलं असेल याचा अंदाज मधली तीन वर्षं पाहिली की येतो. ऑगस्ट २०२१मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर धी आणि शॉन व्हिन्सेंट डी पॉल होते, अरिवु नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि त्यानंतर मासिकानं अरिवुचं डिजिटल मुखपृष्ठ केलं. जुलै २०२२मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनाला हे गाणं झालं, तेव्हाही मंचावर तो नव्हता. या गाण्यात आपलं काय आहे हे त्यानं तेव्हा सविस्तर लिहिलं. धी आणि संतोष नारायणन यांनी आपली बाजू मांडली की त्याचं श्रेय आम्ही कायम दिलेलं आहे. त्या तिघांच्या खोलीत काय घडलं याचा निवाडा करायला मी बसलेले नाही. गाणं अनेकांचं असतं, आणि यात तर ओप्पारी रचणाऱ्या, नावं न उरलेल्या बायकाही आहेत. मला दिसतं ते एवढंच की इतकं गाजलेलं गाणं एका मुखपृष्ठावर आणि एका मंचावर ते लिहिणाऱ्याशिवाय पोचू शकलं, आणि पुष्कळ श्रोत्यांना त्यात काही कमी जाणवलं नाही.

हे मला टोचलं, कारण त्याच सुमारास माझा एक अनुवाद माझ्या नावाशिवाय छापून आला होता. विचारलं तर उत्तर आलं, “कवीचं नाव आहे ना?” मी चार दिवस रागात होते. पाचव्या दिवशी लक्षात आलं, की मित्रमैत्रिणींना पाठवलेल्या माझ्या त्या एका रात्रीच्या मराठीखाली मी ‘धीचं नवं गाणं’ एवढंच लिहिलं होतं.

आता त्याचं नवं मराठी केलं आहे. खाली सगळी नावं आहेत, वल्लियम्माचंही, टीचरम्मांचंही. ‘एन्जामी’साठी बरेच दिवस शब्द मिळत नव्हता. ‘धनी’त आजी नाही, ‘सोन्या’त जमीनमालक नाही. शेवटी चोखोबांकडे गेले. त्यांच्या अभंगांतल्या जोहारात ज्याला हाक आहे तो देव आहे आणि ज्याच्यासमोर वाकावं लागतं तो मालकही आहे, आणि हाक एकच, ‘मायबाप’. ‘एन्जॉय’ आणि ‘एन्जामी’ यांच्या सुरुवातीचा ‘एन्’, म्हणजे तमिळमधला ‘माझा’, मराठीत हरवतो. त्याला इलाज सापडलेला नाही.

परवा टीचरम्मांना ते वाचून दाखवलं. ‘मायबाप’ म्हणजे काय, त्यांनी विचारलं. आई-वडील, मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. “मग परत आजीचंच घेतलंस की.”

“नाही,” मी म्हटलं, “आम्ही सरकारलाही मायबाप म्हणतो. अर्ज घेऊन, हात जोडून उभे असतो तेव्हा.”

त्या हसल्या. “अप्पो सरि,” म्हणाल्या. मग ठीक आहे.